चौदा डोळे

ड्राफ्ट्समनने रंग फवारायच्या एअरब्रशची सुई उपसली, थिनरमध्ये बुडवली, पुसली आणि पुन्हा बुडवली. सुई पहिल्याच वेळी स्वच्छ झाली होती. राग आला की तो स्वच्छ वस्तू स्वच्छ करीत बसे.

समोर टेबलावर सात डोक्यांचा, मांजराएवढा सर्पराक्षस पसरला होता. सकाळीच मॉडेलांच्या स्पर्धेतून परत आलेला. मधल्या मानेत उत्तेजनार्थ बक्षिसाचं कार्ड अडकवलं होतं.

"वाच पुन्हा. माझ्या कानांवर माझा विश्वास नाही."

बायकोने चष्मा सारखा केला आणि वाकून कार्डावरचा शेरा वाचला. "'रंगकाम यंत्राचे असल्याने विचारात घेतले नाही. बक्षीस केवळ डोळ्यांसाठी. चौदाही डोळे हाताने रंगवलेले व जिवंत आहेत.'"

"यंत्राचे! म्हणजे मी बटण दाबून झोपलो होतो!"

तीन महिने त्याची झोप उडाली होती. आधी सगळा राक्षस काळा, मग फक्त वरून पांढरा फवारा, म्हणजे ऊन पाठीवर पडतं आणि मानांखाली सावली आपोआप राहते. त्यावर आठ हिरवे थर, एकावर एक, धुक्यासारखे. बोट केसभर जास्त दाबलं की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात. एकही फुटला नव्हता.

त्याने स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसाला फोन लावला.

"नियमात 'हातचे काम' असं लिहिलंय, साहेब."

"तुमचे परीक्षक चष्म्यातून बघतात ना? मग त्यांचं बघणंही यंत्राचंच!"

"चिडू नका हो. डोळ्यांचं केवढं कौतुक केलंय! या वयात एवढा स्थिर हात..."

ड्राफ्ट्समनने फोन ठेवला आणि उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला. दोन वर्षांपासून तो हात थरथरत होता. बारीक ब्रश सुटला तो तेव्हाच. फवाऱ्याचं बरं होतं, कुठे टेकायचं नाही. पण डोळे काही फवाऱ्याने होत नाहीत. बायको घड्याळजीची मुलगी. वडिलांचं भिंग डोळ्याला लावून तिने दोन दुपारींत चौदा डोळे उघडले होते. अर्जावर कलाकाराच्या रकान्यात जागा एकाच नावाची होती. निदान त्याला तरी तसं वाटलं होतं.

"कागद घे," तो म्हणाला. "निषेधाचं पत्र. मी सांगतो, तू लिही."

हल्ली त्याची पत्रं तीच लिही.

"लिही. ज्याच्या हातचं काम, श्रेय त्याचंच. दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव मिरवणं याला आमच्याकडे चोरी म्हणतात."

ती लिहीत गेली. मान वर केली नाही.

"चोरी म्हणतात," ती म्हणाली. "पुढे?"

त्याने राक्षसाकडे पाहिलं. सातही डोकी त्याच्याकडेच बघत होती. कुठेही सरकून बसला तरी बघत होती. परीक्षक गाढव होते, पण डोळे जिवंत आहेत हे त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

त्याने राक्षसाच्या मानेतलं कार्ड काढलं, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि छापलेलं आपलं नाव खोडलं. वर तिचं लिहिलं. पहिलंच अक्षर डोंगरावरून घसरल्यासारखं आलं.

"वाकडं आलं," तो म्हणाला.

तिने कार्ड हातात घेऊन दूर धरून पाहिलं.

"असू दे. हातचं आहे."

"पत्र मात्र जाणार," तो म्हणाला. "त्या आठ हिरव्यांचं भांडण माझं आहे."

"जाऊ दे की," ती म्हणाली आणि पेन परत मागून घेतलं. "चोरीचं वाक्य ठेवायचं ना?"