घरचं काम

धाकटा दीर घरांची कामं घेणारा ठेकेदार, म्हणजे केवढी सोय, असं सगळे म्हणायचे. कसली डोंबलाची सोय! त्या सोयीनं थोरल्या सुनेच्या डोक्यावर मिरे वाटले होते.

त्याच्या कामाची एक ठरलेली रीत होती. आल्या आल्या धडाधड फरश्या फोडायच्या आणि गायब व्हायचं. घर फोडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या मिस्त्रीकडे जातंय कुठे? मग अशा अर्ध्या डझन घरांतून जो जास्त आरडाओरडा करेल, त्याचं काम आधी. घरचे आरडाओरडा करत नाहीत, म्हणून घरचं सगळ्यात शेवटी. थोरलीनं एकदा आवाज चढवला, तर नवराच म्हणाला, "अगं, घरातलाच आहे. करेल की!" सासूबाई दवाखान्यातून म्हणाल्या, "त्याला रागावू नकोस हं. दमतो बिचारा." सगळ्यांनी पाठीशी घालून घालून त्याला पार बिघडवून ठेवला होता.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणत होते, अजून थोडे दिवस राहा. पण त्यांनी घरी जायचा घोशाच लावला होता. त्यांना आता उकिडवं बसता येणार नव्हतं. कमोड आणि धरायला भिंतीत दांडा, एवढं झालं की त्या घरी यायला मोकळ्या. घरी न्यायच्या दिवशी सकाळी निघताना थोरलीनं दवाखान्यातूनच दिराला फोन लावला.

"झालंच समजा, वहिनी. तुम्ही आईला घेऊन या बिनधास्त."

थोरली बिनधास्त आली. चाकाच्या खुर्चीतून सासूबाईंना आत आणलं, संडासाचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जमीन उखडलेली, मधोमध उघडं भोक, कोपऱ्यात फुटक्या फरश्यांचा ढीग. कमोडसुद्धा खोक्यात तसाच. सासूबाई खुर्चीतून ते बघत राहिल्या.

"कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

"मागच्या गल्लीत, एका बाईंच्या घरी," थोरली म्हणाली. "त्या रोज ओरडतात ना!"

"मला तिकडे ने."

थोरलीनं खुर्ची अशी काही रेटली की रस्त्यातली माणसं बाजूला झाली. या माणसाला आज धुवून काढायचा, वाट्टेल ते होवो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शब्दसुद्धा तिनं ठरवून ठेवले होते, आणि त्यांतला एकही चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता.

त्या घराचं दार उघडंच होतं. आत दीर गुडघ्यावर बसून चकचकीत संडासाच्या उंबऱ्यावरचं पांढरं सिमेंट पुसत होता. एकही फट नाही, कुठे डाग नाही. भिंतीतला दांडा स्वतः लोंबकळून तपासला त्यानं. घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

तिचं लक्ष दाराकडे गेलं. "या कोण हो?"

दिरानं मान वळवली. समोर वहिनी, खुर्चीत आई. तो चटकन उठला. घरमालकिणीसमोर तमाशा नको म्हणून हसत हसत म्हणाला, "गिऱ्हाईक आहेत आपल्या. जुन्या. काळजी नको, मी बोलतो त्यांच्याशी."

थोरलीनं तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात वर केला.

"हो बाई, गिऱ्हाईकच," त्या घरमालकिणीला म्हणाल्या. आवाज थरथरत होता, पण रडण्यानं नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा त्या या मुलावर संतापल्या होत्या. "माझं घर फोडून ठेवलंय यानं. मला साधं संडासला जायची सोय नाही. तुमचं मात्र काम छान केलंय हो." मग त्याच्याकडे वळल्या. "माझं काम तुझ्याकडून काढून घेतलं. उद्या दुसरा मिस्त्री येईल. तू पाऊल ठेवायचं नाहीस."

"आई, अगं, तसं नव्हतं गं म्हणायचं मला. आत्ता येतो, आत्ता. आई—"

"गिऱ्हाईकाला आई म्हणतात का?"

दीर हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. घरमालकीण एकदा त्याच्याकडे, एकदा खुर्चीकडे बघत होती. थोरलीला ठरवून आणलेला एकही शब्द वापरावा लागला नाही. तिला पहिल्यांदा सासूबाईंच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं.

"चल गं," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात सांग, मी अजून थोडे दिवस राहते."