रंगीत ठिपक्यांचा फळा

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना फळा आहे. शाळेतल्या फळ्यांची विद्वत्ता माझ्याकडे नाही. इतिहास-भूगोलातलं मला ओ की ठो कळत नाही. मला ठाऊक आहे ते एका घराचं आठवडाभराचं जेवण. तेवढंच माझं काम होतं आणि त्यातही मी कमी पडलो.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या पाठीतून झाला. या घरातले बाबा रंगारी आहेत. एकदा थोरली, मधला आणि धाकटी या तिघांच्या शाळेत मुलांची तपासणी झाली आणि नर्सबाईंनी आईला बोलावून घेतलं. "तुमची तिन्ही मुलं अशक्त दिसतात," त्या म्हणाल्या. "महागाचं काही आणू नका. पण ताटात रोज तीन-चार रंग दिसू देत."

आईने घरी येऊन हे सांगितलं, तर बाबा हसत सुटले. "रंगच ना? मग आपल्याला काय कमी आहे!" त्यांनी फळी कापली, घासली, तिला काळा रंग दिला. सात वारांच्या सात चौकटी आखल्या आणि डब्यांच्या तळाशी उरलेल्या रंगांचे ठिपके प्रत्येक चौकटीत दिले. हिरवा, नारिंगी, पांढरा, तपकिरी.

दर रविवारी दुपारी आई खडू घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती, रविवार तेवढा तिचा. हिरव्यापुढे पालेभाजी, नारिंगीपुढे गाजर नाहीतर भोपळा, पांढऱ्यापुढे दूध किंवा अंडी, तपकिरीपुढे डाळ. बाजार उठायच्या वेळी जी भाजी स्वस्त मिळेल, तिला ती बरोबर जागा शोधून द्यायची. प्रत्येक जिन्नसापुढे माप लिहायची. अंडी पाच. तांदूळ पाच मुठी. घरात माणसं पाच, म्हणून सगळं पाचच्या हिशेबाने.

मधला मुलगा भारी खवचट. "आई, आज नारिंगीला सुट्टी दे ना," म्हणायचा.

"तिलाच विचार. ती घेत असेल तर मी कोण नको म्हणणारी?" आई म्हणायची, आणि भोपळ्याची फोड त्याच्या ताटात पडायची.

वर्षभरात मुलांच्या गालांवर तेज आलं. नर्सबाईंनी शाबासकी दिली. शेजारची शिंपीण तर वही घेऊन आली आणि माझ्यावरचं सगळं त्यात उतरवून घेऊन गेली. मी नुसता फुशारून गेलो.

मग बाबा शिडीवरून पडले. पाय मोडला, चार महिने काम बंद. त्या रविवारी आई खडू घेऊन माझ्यासमोर आली. मग तिने बोट ओलं केलं, एकेक 'पाच' पुसला आणि तिथे 'चार' लिहिलं. सातही चौकटींत. मला वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे ठिपके बघायचे, आकडे कोण वाचतो? ठिपके तर जागच्या जागी होते. "तुम्ही बसा, मी मागून बसते," आई म्हणायची. कधी धाकटीने हात धरून बसवलं तर म्हणायची, "अगं, चाखता चाखताच पोट भरलं माझं." सगळे जेवून उठले की ती पातेलं खरवडायची. मी समोरच होतो. मी सगळं पाहिलं आहे.

बाबांचा पाय बरा झाला, कामंही मिळू लागली. दर रविवारी मी 'पाच'ची वाट पाहायचो. पण कधी थोरलीला चष्मा लागला, कधी मधल्याचे बूट फाटले. 'चार' तसाच राहिला. दोन वर्षं. शिंपीण एकदा म्हणाली, "अहो, किती सुकलात तुम्ही!" आई म्हणाली, "इस्त्रीची धग असते हो." असं खोटं बोलणाऱ्या आईचा मला राग यायचा. आता त्या रागाचीच लाज वाटते.

एका मंगळवारी ती कामावर चक्कर येऊन पडली. डॉक्टर बाबांना म्हणाले, "यांच्या अंगात रक्तच नाही. इतके दिवस काय करत होतात?" चौथ्या दिवशी ती गेली.

मावशी आली, आठवडाभर राहिली आणि तिच्या घरी परतली. मग थोरली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्यावर अजून आईचंच अक्षर होतं. पंधरा वर्षांच्या त्या पोरीने ते वाचत वाचत स्वयंपाक केला. अंडी चार, तांदूळ चार मुठी, भोपळ्याच्या फोडी चार. आईचं माप, त्यात शंका कसली घ्यायची? तिला फक्त एका गोष्टीची भीती वाटत होती. आईचा वाटा उरेल, आणि तो बघून आपल्याला रडू आवरणार नाही. म्हणून एक झाकणाचं भांडं तिने आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.

तिने चार ताटं वाढली. सगळ्यांना पुरलं. तिने पातेल्यात पाहिलं, तर पातेलं रिकामं होतं. काहीच उरलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. एकेक आकडा बोट ठेवून वाचू लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार... मग तिने विचारलं, "बाबा, आई काय जेवायची?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्याच हाताने दिलेल्या ठिपक्यांकडे पाहिलं. "मला वाटायचं, तिचं झालं असेल," ते कसेबसे म्हणाले आणि ताटावरच हुंदके देऊन रडू लागले. त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या पहिल्याच रविवारी मी ओरडलो असतो. तुम्हाला तोंड आहे. आज तुम्हाला जो कुणी वाढेल, त्याचं ताट कुठे आहे ते विचारा. 'माझं झालं' या उत्तरावर विश्वास ठेवू नका. त्याला हाताला धरून शेजारी बसवा, आणि तो जेवू लागेपर्यंत पहिला घास घेऊ नका.