डॉक्टर, तुमचा परवाना चालू आहे ना?

ब्रिटाचे दिवस भरत आले होते आणि इस्पितळवाले सारखं एकच विचारत होते, बाळाचे डॉक्टर कोण? तिचा नवरा आर्नी याने बाबागाडी निवडायला अख्खा हिवाळा घालवला होता. चाकं, ब्रेक, पट्टे, सगळं तपासून झालं होतं. डॉक्टर मात्र त्याने एका दुपारीच ठरवून टाकले. गावातल्या आईबापांच्या फेसबुक गटावरच्या जुन्या चर्चांत सगळे एकमुखाने एकच नाव घेत होते, डॉक्टर स्टेनरूड! रविवारी चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, तो त्यांना भेटूनही आला.

"काय म्हणाले?" ब्रिटाने विचारलं.

"यंदा तळ्यावरचा बर्फ लवकर वितळणार म्हणाले."

"आणि परवाना? बालरोगतज्ज्ञाचं प्रमाणपत्र? आपला विमा त्यांच्याकडे चालतो का?"

"अगं, असं तोंडावर कसं विचारायचं? त्यांनी स्वतःच्या हाताने मला कॉफी ओतली!"

"बाबागाडीच्या दुकानदाराला दहा वेळा ब्रेक दाबून दाखवायला लावलास, तेव्हा ही लाज कुठे गेली होती?"

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या माणसाचं हे असंच. ताटात केकचा शेवटचा तुकडा उरला, तर चौघं मिळून त्याचा अर्धा अर्धा करत नेतील, पण अख्खा कुणी उचलणार नाही. तिथे डॉक्टरांना परवाना विचारणं म्हणजे महापापच!

पुढच्या रविवारी ब्रिटा पोट सांभाळत तळघराच्या पायऱ्या उतरली. "आधी हवापाण्याचं तरी बोल!" आर्नी मागून कुजबुजत होता. ती थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी थांबली.

"डॉक्टर, तुमचा परवाना चालू आहे ना?"

आर्नी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"नाही गं बाई," डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालो मी."

"मग मला का नाही सांगितलंत?" आर्नी ओरडलाच.

"तू बाळ येणार म्हणून इतक्या आशेने आला होतास, नाही म्हणणं बरं दिसेना. म्हटलं, विचारेल तेव्हा सांगू. पण तू बर्फावरून हललाच नाहीस!"

सगळे हसले. डॉक्टर मात्र गंभीर झाले. "चूक माझीही आहे, आर्नी. आपल्या दोघांच्या भिडेपायी बाळ घरी आलं असतं आणि त्याला तपासायला कुणी नसतं! लोक मला दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतले रंगीत मासे बघून निवडत आले, परवाना एकानेही विचारला नाही. राज्याच्या वैद्यक मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाक, परवाना दिसतो. तज्ज्ञाचं प्रमाणपत्रही असंच तपासता येतं. विम्याचं दवाखान्यालाही विचार आणि कंपनीलाही, आपल्या योजनेचं नाव घेऊन विचार. एकाच्या 'हो'वर विसंबू नकोस."

आर्नीने सगळं तपासलं आणि शेजारच्या गावातल्या डॉक्टर व्हांग बाईंना गाठलं. कान लालबुंद झाले, पण त्याने एकूण एक प्रश्न विचारला. बाईंनी शांतपणे उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "आता माझी पाळी. डांग्या खोकल्याची लस घेतलीत का?"

"नाही," आर्नी पुटपुटला.

"मग बाळ यायच्या आत घ्या! तो खोकला बाळाला घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो."

आर्नीला राग आला का? मुळीच नाही! उलट, आपल्या बाळाची कुणाला तरी काळजी आहे, म्हणून त्याला भरून आलं. आपण विचारतो तेव्हा समोरच्यालाही हेच वाटत असेल, हे त्याला तिथे कळलं.

मंडळी, भीड ही भिकेची बहीण. स्वतःच्या घरात तिला खुशाल पाहुणचार करा, पण लेकराच्या डॉक्टरकडे जाताना तिला बरोबर नेऊ नका!