केनीच्या टाळूवरचं तेल

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "बाळाच्या कातडीत सेरामाइड नावाची चरबी कमी आहे, म्हणून ओलावा टिकत नाही. आंघोळीनंतर हे सेरामाइडचं क्रीम लावा. वासाचं काहीही नको."

बाप्तिस्म्याला तर टाळूवर सुगंधी पवित्र तेल लावतात. फादरांना आधी सांगून ठेवू का, असं विचारलं, तर सासूबाई कडाडल्या, "देवाचं तेल लेकराला चावणार होय गं, ॲंजेला? जीभ आवर!"

तेल लागलं. ते पुसायचं नसतं, एवढं आमच्या गास गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं.

घरी मांडवात बँड वाजत होता. केनीची टाळू लालभडक झाली, रडून रडून त्याचा आवाज बसला. नवरा म्हणाला, "आज राहू दे, पाहुणे आहेत." माझं डोकंच फिरलं. खड्ड्यात गेले पाहुणे! केनीला सासूबाईंनी कधीच उचलून नेलं होतं. मी आतल्या खोलीचं दार ढकललं.

केनी त्यांच्या मांडीवर होता. शेजारी क्रीमची डबी उघडी होती. ओल्या पदराने त्या त्याची टाळू पुसत होत्या.

"तू बाहेर हो," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि दार लाव. हे पाप माझं एकटीचं."