वॉर्ड नंबर तीनची बाई

जयमालाला धाकट्या भावाचा कधी हेवा वाटला नव्हता. बाळूच्या भाकरीवर तूप जास्त पडायचं, सायकल त्यालाच आली, शाळा मात्र तिची सुटली. तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. मुलगा आहे, चालायचंच. पण त्याच बाळूची तेजल झाली आणि जयमालाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते सात वर्षं झाली तरी थांबायचं नाव घेईना.

एकोणिसाव्या वर्षी बाळू चाकणजवळचं हे गाव सोडून चिंचवडला गेला. पाच वर्षांनी परतला तो साडी नेसून, लांब केसांचा अंबाडा घालून, तेजल नावाचं आधारकार्ड घेऊन. त्यांची आई रतनबाई वर्षभर तोंड फिरवून बसली. मग एका दिवाळीला तिनं दोन साड्या आणल्या. जयमालाला डाळिंबी, तेजलला मोरपंखी. मोरपंखी रंग थोरलीला खुलतो, हे आईला ठाऊक नव्हतं की काय? जयमालाला गावातच दिलेली, माहेर चार घरांवर, त्यामुळे सगळं रोज डोळ्यांपुढे. आई तेजलच्या केसांना तेल लावते. तिला कंपनीतून यायला उशीर झाला की दारात उभी राहते. तीस वर्षं एकुलती एक लेक म्हणून मिरवलेल्या बाईनं हे कसं सोसायचं? आणि भाऊ गेला तो गेलाच.

त्यात पंचायतीची निवडणूक आली आणि वॉर्ड नंबर तीन महिलांसाठी राखीव निघाला. जयमाला दहा वर्षं याचीच वाट पाहत होती. प्रत्येक बारशाला ती पहिली, प्रत्येक मयतीला ती पहिली, ते काय उगीच? गावाची रीत अशी, की मारुतीच्या देवळात बसायचं, एक नाव ठरवायचं आणि निवडणूक बिनविरोध करायची. तर बायकांनी नाव पुढे केलं तेजलचं. कंपनीशी भांडून तिनं बसला गावात थांबा मिळवला होता. पहाटेच्या शिफ्टच्या पोरींना आता हायवेपर्यंत अंधारात चालावं लागत नव्हतं. जयमालाला वाटलं, आपलं वाढलेलं ताटच हिनं ओढून घेतलं.

देवळात दोन तास वाद रंगला. टीव्हीवर जे जे ऐकलं होतं, ते प्रत्येक जण इथं ओतत होता.

"कागदावर बाई हाय ना? मग बाईच," एकजण म्हणाला.

"आन् उद्या कुनीबी साडी नेसून राखीव जागा मागितली तर? आमच्या बायकांनी काय करायचं?" दुसरा उसळला.

तोंडात एकही दात न उरलेली तानुबाई म्हणाली, "आरं, तुमच्या बायका निवडून आल्या की सह्या तुमीच ठोकता. ते चालतंय व्हय?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

तेजल खांबाला टेकून, खाली मान घालून बसली होती. ती बाई आहे की नाही हे ठरवायला आख्खा गाव जमला होता आणि तिला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. रतनबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. जयमालाची नजर त्या हातावरून हलेना.

मग जयमालाचा दीर मालोजी उठला. "एका सवालात निकाल लावतो. वहिनी, देवाम्होरं सांगा, भाऊबीजेला तुमी कुनाला ओवाळता?"

उत्तर घरीच पढवून ठेवलेलं होतं: बाळूला. खोटं होतं, पण एवढा एक शब्द बोलला की जागा खिशात. जयमाला उभी राहिली. तेवढ्यात रतनबाईनं तेजलचा घसरलेला पदर हलकेच खांद्यावर सारखा केला, आणि जयमालाचं डोकं फिरलं.

"कुनाला ओवाळू?" ती कडाडली. "हाय कोन मला? सात वर्सं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळतीय मी! भाऊ हुता, त्यो हिनं न्हेला. आता आईबी न्हेली. आगं आये, थोरली लेक मी हाय! मोरपंखी साडी मला नगं हुती व्हय?"

चंद्राला कोण ओवाळतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. जिला भाऊ नाही, ती.

"झालं की मग," तानुबाई म्हणाली. "सख्ख्या बहिणीनंच सांगितलं."

मालोजीनं कपाळावर हात मारून घेतला. नाव तेजलचं ठरलं.

महिनाभर जयमाला माहेरची पायरी चढली नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती ताट घेऊन आपल्या गच्चीवर गेली. कंपनीच्या पत्र्याच्या शेडवर बीजेची कोर जेमतेम दिसत होती. मागे पैंजण वाजले. तेजल वर आली होती, हातात तिचंही ताट होतं. अंगावर तीच मोरपंखी साडी होती, आणि मेलीला ती खुलतही होती.

"इथं कशापायी आलीस? मेंबर झालीस, आई घेतलीस, आता चंद्रबी पायजे?"

"आक्का, भाऊ मलाबी न्हाई," तेजल म्हणाली. "सात वर्सं आईच्या गच्चीवरनं मी ह्यालाच ओवाळतीय. तुझा दिवा दिसायचा मला तिथनं."

सात वर्षांत हे जयमालाच्या मनात एकदाही आलं नव्हतं. समोर कोर शेडच्या मागे उतरायला लागली होती. वारा सुटला होता आणि तेजलनं न सांगता आपला पदर आक्काच्या निरांजनाला आडोसा म्हणून धरला.

"सरक मागं," जयमाला म्हणाली. "आधी मी ओवाळनार. थोरली बहीन हाय मी तुझी."