बसलेला आवाज

सुचिताचा आवाज गेला तेव्हा घरात दोन दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी सातला वाशीमला व्यायामाचा एक क्लास, संध्याकाळी साडेपाचला अनसिंगला दुसरा. मधे स्वयंपाक, सासूची औषधं, सायलीची शाळा आणि स्कूटीवरचं जाणं-येणं. दोन्हीकडच्या मिळून चाळीसेक बायका, आणि गाण्याच्या वरताण त्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, तेही हसऱ्या तोंडानं. "शाब्बास! अजून दोन! पोट आत! सोडायचं नाही!" सहा वर्षं हेच. घरी येईस्तोवर घसा असा सोलवटलेला असायचा की ती मानेनंच हो-नाही करायची. घराच्या वाट्याला आधीच आवाज थोडका उरायचा. तो संपला, तेही क्लासच्या तीन दिवसांच्या सुट्टीत, तर कुणाला कळणार?

तिसऱ्या दिवशी दिनेश दुपारी जेवायला आला. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. हाताला सदा ग्रीसचा वास. ताटावर बसल्या बसल्या त्यानं बायकोकडं पाहिलं.

"काहून रुसली व? परवापासून एक शब्द नाई. आईनं काही म्हटलं काय?"

सुचितानं तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली, आणि हवेच्या मागून रडू. दिनेशनं हातातला घास ताटात ठेवला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहिला. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. घाबरण्यासारखं नाही. पण तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"साहेब, तिचा धंदाच बोलायचा हाय," दिनेश म्हणाला.

"म्हणून तर गाठी आल्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

अनसिंगच्या बायकांना तिनं मोबाइलवर लिहून कळवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, 'काळजी घ्या मॅडम. तोवर आम्ही टीव्हीवर व्हिडिओ लावून करतो.' सहा वर्षांत बसवलेला क्लास एका ओळीत हातचा गेला होता. सुचिता पलंगावर बसून वाईट वाटायची वाट पाहत राहिली. वाटलं ते एवढंच, की आज संध्याकाळी स्कूटी काढायची नाही.

सकाळचा क्लास मात्र तिला सोडवेना. एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर तो हॉल होता. जिन्यापर्यंत फवारणीच्या औषधाचा वास यायचा, डिसेंबरात फरशी बर्फासारखी लागायची. सुचितानं सायलीची जुनी पाटी आणली आणि तिच्यावर लिहिलं, 'आवाज बंद आहे. मी करते तसं करा.' बायका हळहळल्या. कुणी ज्येष्ठमध सांगितलं, कुणी हळदीचं दूध. मग गाणं लावलं आणि क्लास सुरू झाला.

उभ्यानं करायचे प्रकार कसेबसे पार पडले. पण बायका चटईवर पालथ्या झाल्या, कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग तोलून धरलं, आणि सगळं फसलं. तोंडं जमिनीकडं, सुचिता दिसणार कुणाला? कुणी लगेच आडवी झाली, कुणी थरथरत तशीच. उज्ज्वला उठून बसली. ती बँकेतल्या साहेबांची बायको, बदलीमुळं वर्षभरापूर्वी इथं आलेली, क्लासला एकही खाडा नसलेली.

"मॅडम, असं नाही जमत हो. किती झाले, किती राहिले, काही कळतच नाही."

सुचितानं पाटी उचलली आणि ती खडू शोधायला लागली.

"एक!"

मागून असा दणका आला की दोघीतिघी दचकल्या. खिडकीजवळच्या शेवटच्या चटईवरून आवडाबाई मोजत होती. अठ्ठावन्न वर्षांची आवडाबाई गावाच्या कडेला दीड एकरात मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची. पहाटे बाजारात ठोक माल देऊन ती क्लासला यायची, आणि क्लास झाला की चौकात भाजी घेऊन बसायची. खांदा धरला म्हणून डॉक्टरनं व्यायाम सांगितलेला. साडीखाली सुनेची ट्रॅकपँट घालून ती आठ महिने मागं उभी राहत होती, आणि 'बरं' यापलीकडं तिच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं.

"दोन! तीन! चार! पाच! एक! दोन!"

"मावशी, पाचाच्या पुढं मोजा ना," कुणीतरी हसलं.

"आमी जुड्या पाचपाचानंच मोजतो. किती पाच झाले ते माह्या ध्यानात हाय. तू खाली नको पडू."

त्या दिवसापासून आवडाबाई मोजू लागली. गाणं आठाच्या ठेक्यात चालायचं, आवडाबाईचे पाच त्यात बसेनात. सगळ्यांचे पाय एकमेकांत अडकायला लागले, तेव्हा तिसऱ्या दिवशी सुचितानं स्पीकरच बंद करून टाकला. हॉलमध्ये उरला तो आवडाबाईचा खणखणीत आवाज आणि बायकांचे श्वास.

सगळ्यांना हे रुचलं नाही. बावीसजणींच्या आठवड्याभरात तेरा झाल्या. उज्ज्वलानं निदान तोंडावर सांगितलं, "राग नाही हं मॅडम. पण मला कुणी ओरडलं नाही तर माझ्याच्यानं होतच नाही. स्टेशनकडं एक नवीन क्लास निघालाय, तिथं जाऊन पाहते." सुचितानं मान हलवली. तिला रागही आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

तोंड बंद झाल्यावर तिचे हात मोकळे झाले. रांगांमधून फिरता फिरता ती एखादीच्या पाठीवर तळवा ठेवायची, एखादीचा गुडघा किंचित बाहेर वळवायची. ललिताबाई डावा पाय चोरते, हे तिला चार वर्षांनी आत्ता दिसलं. सरिता पाचावर थांबते, भिंतीकडं पाहते आणि आपली आपण पुन्हा सुरू करते. इतके दिवस ती अशा थांबलेल्या बाईवर 'सोडायचं नाही!' म्हणून ओरडत आली होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा कॅमेरा घातला. "गाठी लहान झाल्यात, गेल्या नाहीत. हळू बोला. ओरडणं मात्र कायमचं बंद."

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर सुचितानं आवडाबाईला जिन्यात गाठलं. भाजीचं गाठोडं पायरीवर ठेवून आवडाबाई चपला घालत होती.

"आवडाबाई," सुचिता म्हणाली. आवाज खरखरीत, भाड्यानं आणल्यासारखा निघाला. "तुमी नसत्या तं हा क्लास मोडला असता. आता मले वरडता येत नाई. इथून पुढं बी तुमीच मोजत जा."

आवडाबाई पायरीवरच टेकली.

"राग नको येऊ देऊ माय," ती म्हणाली. "पण मले नाई जमत."

"काहून? बायकाईले सवय झाली तुमची."

"पाच वाजल्यापासून बाजारात वरडतो मी. इथून गेली का चौकात वरडतो, दिवस बुडेस्तोवर. घरी मालकाले ऐकू येत नाई, त्यायच्यासंगं बी वरडूनच बोला लागते. खांदा तं माहा दिवाळीतच बरा झाला. तरी बी मी येत होती. हा एकच तास असा हाय का मले कोनी काई विचारत नाई अन् मले काई बोला लागत नाई." तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "मागच्या चटईवर चूप उभं राहाले येत होती मी."

सुचिता भिंतीला टेकली. "मंग हे तीन हप्ते?"

"तुह्या घशात जीव नोयता. कोनीतरी मोजाच लागत होतं ना." आवडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "चाल, सांबार सुकून राह्यला."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती गेली. सुचिता जिन्यात तशीच उभी राहिली. खालच्या दुकानदारानं शटर वर केलं, उदबत्ती लावली, तरी तिचा पाय निघेना. आवडाबाईनं स्वतःचा चूप राहायचा तास आपल्याला देऊन टाकला, आणि आपण त्या बाईला आठ महिन्यांत 'पाठ सरळ' यापलीकडं एक शब्द बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तिनं मोजायला सरिताला पुढं बोलावलं. सरिता लाजली, दोनदा चुकली, एकदा सातावरून थेट नवावर गेली. कुणी हसलं नाही. खिडकीजवळ आवडाबाई ओठ मिटून, डोळे अर्धे झाकून हात वर-खाली करत होती. तिची पाठ वाकलेली होती. सुचितानं पाहिलं आणि ती पुढं गेली.

अनसिंगच्या बायकांचा महिनाअखेरीस फोन आला. "मॅडम, व्हिडिओचा कंटाळा आला. कवा येता?"

"संध्याकाळचा क्लास आता नाई घेत मी," सुचिता म्हणाली. "सकाळचा एकच."

दिनेश दारात उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "बरं केलं," आणि दुकानात गेला.

साडेपाच वाजले. सायली शाळेतून आली ती दप्तरासकट आईच्या पलंगावर चढली. गॅदरिंगच्या नाचात तिला मागच्या रांगेत टाकलं होतं; त्यात कोण काय बोललं, कुणी बाईंकडं चुगली केली, तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. सुचितानं कूस बदलून तिच्यासाठी जागा केली.

"मग?" ती हळूच म्हणाली.

सायली सांगत सुटली. चुगलीपर्यंत गोष्ट आली तेव्हा आईचे डोळे मिटले होते. सायलीनं तिच्या दंडाला बोट लावून पाहिलं, अन् दप्तर उतरवून उरलेलं तशीच, बारीक आवाजात सांगत राहिली.