नोकरांचा भाग

घरात सगळ्यांच्या आधी ती उठे. न्हाणीघर एकच होते. तिथे शेवटी जाणे तिला कामामुळे परवडत नसे आणि कोणाच्या मध्ये घुसणे तिला बरे वाटत नसे. अंघोळ उरकली की ती बाहेरच्या खोलीतली आपली गादी गुंडाळून कपाटामागे उभी करी, उशीचा अभ्रा झटकी, खुर्च्या पुन्हा भिंतीलगत लावी. धाकटा भाऊ वर्तमानपत्र घेऊन बाहेर येई तेव्हा ती खोली पुन्हा बैठकीची खोली झालेली असे, आणि रात्री तिथे कोणी झोपले होते याची खूण राहिलेली नसे. भावाने असे कधी सांगितले नव्हते. हे वळण तिचे तिनेच लावून घेतले होते. मग ती चहा टाकी, स्वतःचा कप विसळून पालथा घाली आणि भावाच्या सदऱ्याला इस्त्री करी.

त्या दिवशी इस्त्री तापत असतानाच भावजय केस बांधत आली.

"वन्सं, आज इतक्या लवकर निघायचंय?"

"आज शूटिंगला पहिलाच प्रसंग माझा आहे."

"पहिला? थोरली सून आजारी पडली की काय?"

मालिकेतल्या थोरल्या सुनेच्या प्रकृतीची भावजयीला सख्ख्या बहिणीइतकी काळजी असे.

"ती बरी आहे. घरातली सगळी परगावी लग्नाला गेलीत. आजचा पूर्ण भाग आमचाच. मी आणि ड्रायव्हर."

"अगंबाई! नुसता नोकरांचा भाग?" भावजय हरखली आणि लगेच तिचा हात केसांतच थांबला. "तसा तो माळ्याचाही केला होता ना?"

"हो."

"त्यात त्याचा हरवलेला मुलगा दाखवला, आणि हा निघाला शोधायला. मेला परत आलाच नाही."

"नाही आला."

"आणि ती मुलांना सांभाळणारी बाई? तिचंही लहानपण दाखवलं आणि पुढच्याच आठवड्यात..." भावजयीने जीभ चावली. "तुमचं नाही हो तसं व्हायचं. तुम्ही गेलात तर ती माणसं जेवतील काय? इथे दूध उतू घालवता, पण तिथे कसं सगळं बेतात करता!"

दोघी हसल्या. वाटेत मात्र तिला त्या हसण्यातले काहीच आठवेना. माळीच तेवढा आठवत राहिला.

भावजय बोलली ते चूक नव्हते. त्या मालिकेत मालक माणसे दरीत कोसळून परत येत, स्मृती जाऊन परत येत, एक काका तर जळून परत आले होते. नोकरांना अशी सवलत नव्हती. नोकराला पूर्वायुष्य मिळाले की त्याचे पुढचे आयुष्य आटोपत आले असे खुशाल समजावे. हे काम मिळण्यापूर्वीचा काळ तिच्या चांगला लक्षात होता. फोन वाजत नसे. तेव्हा भावजय आजच्यापेक्षा अधिक गोड बोले. "असू दे हो वन्सं, तुमचंच घर आहे," असे दिवसातून कितीदा तरी म्हणे, आणि ते मनापासून म्हणे. पण जे घर आपले असते तिथे असे कोणाला सांगावे लागत नाही. काम सुरू झाल्यापासून ते वाक्य बंद झाले होते. ते पुन्हा ऐकू येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती.

रंगभूषेच्या सामाईक खोलीत ड्रायव्हर गणवेश घालून आधीच बसला होता. टोपी गुडघ्यावर होती. पडद्यावर तो ड्रायव्हर आणि ती स्वयंपाकीण, म्हणून बाहेरही तो तिला 'बाई' म्हणे आणि ती त्याला 'ड्रायव्हरसाहेब'. खऱ्या गाडीचे चाक त्याने हयातीत हाती धरलेले नव्हते.

कथा बाहेर फुटू नये म्हणून त्या युनिटमध्ये प्रत्येकाला फक्त स्वतःच्या प्रसंगांची पाने मिळत. या दोघांनी तो नियम केव्हाच गुंडाळून ठेवला होता. दोघांची पाने टेबलावर शेजारी शेजारी मांडून, चहा पीत, ते एकदा सगळे वाचून काढत. आज तिने आपली पाने मांडली. त्याने त्याची घडी घालून खिशात ठेवली.

"काढा की."

"नको, बाई. नियम आहे."

"नियम कालही होता."

"काल कोणी बघत नव्हतं," तो म्हणाला आणि आरशात बघून उगीचच मिशी सारखी करू लागला.

तिने आणखी आग्रह केला नाही. तिच्या पानांत ती कोणाची तरी वाट बघत होती, जुन्या दिवसांबद्दल बोलत होती आणि शेवटच्या पानावर नुसती उभी राहून ऐकत होती. काय ऐकत होती ते तिथे लिहिलेले नव्हते. ते त्याच्या खिशात होते.

सेटवर जाताना मागच्या अंधाऱ्या बोळात तिला त्याचा आवाज ऐकू आला. सोबत लेखक होता.

"बाईंना यातलं काही सांगू नका. एवढा उपकार करा."

"मी कशाला सांगू?" लेखक म्हणाला. "तुम्हालाही सांगायला नको होतं."

ती पाऊल न वाजवता मागे फिरली आणि दुसऱ्या बाजूने सेटवर गेली. मग दिसेल त्यात तिला तेच दिसू लागले. रंगभूषाकार आज तिच्या डोळ्यांपाशी जास्त वेळ का रेंगाळला होता? दिग्दर्शक स्वतः उठून "बाई, खुर्ची देऊ का?" असे का विचारतो आहे? एवढ्या वर्षांत त्याने तिला स्टूलदेखील विचारले नव्हते. कापायच्या बकऱ्याला हिरवा पाला घालतात, तसा हा मान. आणि हा ड्रायव्हर! त्याने स्वतःपुरती सोय लावून घेतली असणार. म्हणूनच पाने खिशात.

आता, त्या दोघांमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती. अलीकडे त्याला शब्द सापडत नसत. पाठ केलेले वाक्य मधेच तुटे आणि तो रिकाम्या नजरेने बघत राही. हे तिच्या प्रथम लक्षात आले आणि तिने त्यावर आपला उपाय काढला. "डॉक्टर म्हणाले..." असे म्हणून तो अडला, की पातेल्यात डाव फिरवत ती विचारी, "काय म्हणाले? प्रवास नको म्हणाले?" की तो पुढे सुरळीत चालू लागे. दिग्दर्शकाला वाटे, बाई किती सहज बोलतात. तिने हे त्याला कधी बोलून दाखवले नाही, त्यानेही कधी आभार मानले नाहीत. बोलले असते तर ते खरे झाले असते.

दुपारच्या आधीच्या प्रसंगात तो मालकाकडे नोकरीला लागल्याचा पहिला दिवस सांगत होता.

"मालक मागे बसले. मला म्हणाले..." आणि तो थांबला.

पुढचा शब्द काय असणार हे तिला मागच्या वाक्यांवरून सहज ओळखता येत होते. तो तिच्या ओठांवर आला होता. तिने डाव फिरवला आणि गप्प राहिली.

"कट! पुन्हा."

पुन्हा तेच झाले. त्यानंतरही. त्याची नजर तिच्याकडे येई, तेव्हा ती पातेल्यात बघे. शेवटी दिग्दर्शकाने ओरडून विचारले, "काय साहेब, गाडी ढकलायला माणसं बोलावू का?" सगळा सेट हसला. दिव्यांवरची माणसे वरून वाकून हसली. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी पुरा करण्यात आला.

जेवणाच्या सुट्टीत सेटवरची भांडी ठेवतात त्या मागच्या पायऱ्यांवर ती एकटीच बसली होती. तो आला, एक पायरी सोडून खाली बसला.

"आज तुम्ही शब्द दिला नाहीत."

इतक्या दिवसांत ही गोष्ट पहिल्यांदा कोणीतरी बोलून दाखवली होती.

"तुम्ही पानं दाखवली नाहीत," ती म्हणाली. "लेखकाशी बोललात तेही ऐकलंय मी. मला काढताहेत ना?"

"दोघांपैकी एकाला." त्याने टोपी हातात फिरवली. "चॅनलला एवढे नोकर नकोत म्हणे. आजचा भाग बघून ठरवणार, कोणाला ठेवायचं ते. जो जास्त भावेल तो राहील. लेखकानं मला चुकून सांगितलं."

"आणि तुम्ही मला सांगायचं नाही असं ठरवलंत. का? मी हात आखडता घेईन म्हणून?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "घेतलातच ना?"

 नळाचे पाणी रिकाम्या पातेल्यात ठिबकत होते.

"मला ठाऊक नव्हतं तरी घेतला," ती शेवटी म्हणाली.

"चूक माझी. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"कोणास ठाऊक. खोटं कशाला बोलू?"

"हे बरं बोललात," तो म्हणाला, आणि दोघांनाही थोडे हसू आले.

"तुमचं हे अडणं घरी माहीत आहे?"

"बायको म्हणते, चाव्या विसरता, वय झालं. मी म्हणतो, हो, वय झालं. दिवसभर इकडे असतो म्हणून निभतंय. घरी बसलो तर तिला कळायला कितीसा वेळ लागणार?" तो उठला. "शेवटचं भाषण मोठं आहे. माझं तर तोंडचं पाणी पळालंय."

"पानं द्या."

त्याने या वेळी लगेच दिली. तिने ती त्या पायरीवरच दोनदा वाचली आणि परत केली. दुसरे काही बोलली नाही.

शेवटच्या प्रसंगाची मांडणी दिग्दर्शकाने समजावून सांगितली. ती पुढे शेगडीशी, तोंड कॅमेऱ्याकडे. तो मागच्या भिंतीपाशी स्टुलावर, तिच्या पाठीमागे, थोडासा धूसर. तो एकसलग बोलेल, ती ऐकेल.

"कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर, अगदी शेवटपर्यंत. बाई, आजचा भाग तुमच्या चेहऱ्यावर संपतो. काहीही झालं तरी वळायचं नाही. आणि साहेब, हे तुकड्यांत नाही घेता येणार. जमेल ना?"

"जमेल," तो म्हणाला. 

तिला गणित कळत होते. ती नुसती उभी राहिली तरी पुरे होते. तो अडेल, पुन्हा होईल, पुन्हा अडेल. आणि दर वेळी पडद्यावर तिचाच चेहरा असेल. कोणी तिला बोल लावला नसता. आणि वळली, तर उद्या फोन वाजायचा बंद होईल, भावजय पुन्हा गोड बोलू लागेल, आणि ते सगळे तिला मान खाली घालून ऐकावे लागेल. तिने पदराला हात पुसले. वळू का, असे दिग्दर्शकाला तिने विचारले नाही, कारण विचारले असते तर कारण सांगावे लागले असते, आणि ते कारण तिचे नव्हते.

दिवे लागले. मागे त्याचा आवाज सुरू झाला.

"बाई, या घरात आपण आलो तेव्हा..."

पहिले वाक्य नीट गेले. दुसऱ्याच्या टोकाशी तिला ती ओळखीची घसरण ऐकू आली. तो अजून थांबला नव्हता. तिने शेगडीवरचे पातेले खाली उतरवले, आणि काहीतरी घ्यायला वळावे तशी ती वळली. आता तिची पाठ कॅमेऱ्याकडे होती आणि चेहरा फक्त त्याला दिसत होता. आवाज न करता, ओठ सावकाश हलवत, तिने पुढचा शब्द सांगितला.

तो बोलू लागला. दिग्दर्शकाने "कट" म्हटले नाही. तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याने त्याचा चेहरा शोधल्याची हालचाल तिला पाठीमागे जाणवली. तिने पुढचे वाक्य सांगितले, मग त्याच्या पुढचे, आणि भाषण संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.